हुंकार

गोष्ट सांगणे हे एकट्याचे काम नव्हे. आमच्या चंद्रपूरकडे रात्रीची जेवणे आटोपून घरातली म्हातारी कहाणी सांगायला बसली, म्हणजे आधी विचारी, "हुंकार कोण देते?" मुलांपैकी एकाला ते काम पत्करावे लागे. एक राजा होता, हं. त्याला दोन राण्या होत्या, हं. हुंकार देणाऱ्याला डुलकी लागली की कहाणी तिथेच थांबायची, मग राजा ऐन रानात वाघासमोर उभा का असेना! दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, अशी जुनी समजूत आहे. हुंकाराविना सांगितली तर सांगणाराच वाट चुकतो, असे माझी आई म्हणते.

आमच्या घरी हुंकाराचे खाते धाकट्या भावाकडे होते. मी थोरला. मला गोष्टीत मधेच प्रश्न विचारायची खोड. पुढे मास्तरकी आणि कादंबऱ्या हे दोन्ही उद्योग माझ्या गळ्यात पडले, त्याचे मूळ त्या खोडीतच असावे. धाकटा मात्र जातिवंत श्रोता. रात्र चढत जाई तसा त्याचा हुंकार आखूड होत जाई, आणि झोप त्याच्या किती जवळ आली आहे हे आई त्या हुंकाराच्या लांबीवरून ओळखी. शेवटचा हुंकार म्हणजे नुसता श्वासच. तो आला की आई उठून दिवा मालवी.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की, मधली काही वर्षे हा हुंकार आमच्या घरातून नाहीसा झाला होता. आणि तो कोणी नेला याचा छडा लावता लावता मला नखाएवढ्या एका सिलिकॉनच्या तुकड्यापर्यंत जावे लागले.

बल्लारपूर हे मुळी जाण्याचेच गाव आहे. गावाचे नाव बल्लारपूर आणि स्टेशनचे बल्लारशाह. नवा पाहुणा या दोन नावांत एकदा तरी फसतोच. दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या महाराष्ट्र सोडण्यापूर्वी इथे दम खातात. इथून कागद जातो, कोळसा जातो, सागवान जाते. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले तेही इथलेच. मग माणसांनी तरी मागे का राहावे? आमचा धाकटा कागदाच्या यंत्रावरचा फिटर. इथल्या धुरात आणि लगद्याच्या वासात शिकलेली विद्या घेऊन तो अकरा वर्षांपूर्वी इंडोनेशियात, सुमात्रा बेटावरच्या एका कागद कारखान्यात गेला. तिकडचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास असते. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा त्याची पाळी संपून भात शिजत असतो.

माझ्या लहानपणी परगावी बोलायचे म्हणजे ट्रंककॉल लावायचा आणि वाट पाहत बसायचे. आणि मग इतक्या मोठ्याने ओरडायचे की, तारेवाचूनही पलीकडे ऐकू जावे! पुढे पिवळ्या पाट्यांच्या एस्‌टीडीच्या खोल्या झाल्या. रात्री उशिरा दर पाव होई, म्हणून आम्ही स्वेटर घालून रांगेत उभे राहत असू. समोरच्या यंत्रावर लाल आकडे पळत आणि त्यांच्याकडे पाहत आम्ही सुखदुःखे बोलत असू. त्या फोनला खरखर होती, मधेच कोणा तिसऱ्याचे बोलणे शिरे. परंतु एकदा जोडणी झाली की ती वाट तेवढा वेळ सगळी तुमची. पलीकडे कोणी नुसते नाक ओढले तरी तेही इकडे येई.

इंटरनेटवरून बोलण्याची सोय आली आणि ही सारी यातायात संपली. आपल्या देशात तसे बोलण्याला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. त्याआधी तो गुन्हाच होता. सुरुवातीला ती सोय संगणकवाल्यांपुरती होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, स्वस्त इंटरनेट घराघरांत शिरले, आणि सुमात्रा आमच्या ओसरीवर येऊन बसले. मिनिटांचा हिशेब संपला. आता आई आणि धाकटा यांनी पोटभर बोलावे, एवढेच राहिले होते.

आणि नेमके तेच बंद पडले.

बोलणे रोज होई, पण ते "जेवला का?", "हो", "बरं आहे ना?", "बरं आहे" एवढ्यावर येऊन ठेपले. आई मला म्हणे, "त्याचं मन नाही राह्यलं इकडे. मी सांगून राह्यली, आणि तो ऐकूनच नाही राह्यला." इकडे धाकटा मला वेगळा फोन करून विचारी, "दादा, आई माझ्याशी बोलत का नाही? सुरू करते आणि मधेच थांबते. काही रागावली आहे का?" मी दोघांचे ऐकून घेई. म्हातारपण आणि परदेश या दोन गोष्टींवर सगळे ढकलता येते. घरातली मंडळी तसेच ढकलीत होती.

मग आईच्या डोळ्याचे प्रकरण झाले. तिला मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. तिने एका संध्याकाळी धाकट्याला सांगायला घेतले. डोळ्यापुढे कसे धुके येते, सुईत दोरा ओवता येत नाही, रात्री दिव्याभोवती कसे खळे दिसते, हे सारे सांगत ती तारखेपर्यंत येणार, तोच तिच्या ध्यानात आले की पलीकडे काहीच नाही. हुंकार नाही. ती थांबली. "ठेवते" म्हणाली. धाकट्याला सांगून झाले, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत. शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटली, तरी त्याने चौकशी केली नाही याचे आईला दुःख. आणि आठवड्याने भाच्याच्या तोंडून त्याला कळले तेव्हा आपल्याला कोणी सांगितले नाही याचे त्याला दुःख. त्या दिवाळीला तो येणार होता. "सुटी मिळत नाही" असा त्याचा निरोप आला. सुटी मिळाली होती, हे मला नंतर कळले.

त्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली. चौथीत ती माझ्याकडे होती. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही आणि अजून खालच्याच वर्गांना शिकवतो. ती मात्र बंगळुरूला एका कंपनीत चिपचे आराखडे काढते. बोलता बोलता आईने तिच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. पोरीने चकली मोडता मोडता विचारले, "आजी, काका बोलताना फोन कानाला लावतात की समोर ठेवतात?" समोर ठेवतो, हे आम्हांला ठाऊक होते, भांड्यांचा आवाज येतो ना! ती हसली. म्हणाली, "मग काकांचा हुंकार चिपने खाल्ला."

पुढचा तासभर तिने मला जे समजावून सांगितले ते मी माझ्या कुवतीप्रमाणे इथे उतरवतो. वाचकांपैकी कोणी इंजिनियर असतील त्यांनी दातखाली खडा लागला तर सांभाळून घ्यावे.

इंटरनेटच्या फोनवर आवाज येतच नाही. आवाजाची कृती येते. समजा, पुण्याच्या मावशीने टपालाने चकल्या पाठवल्या. त्या वाटेत मोडतील आणि हशीलही फार पडेल. त्यापेक्षा तिने कार्डावर लिहून पाठवले की भाजणी इतकी, मोहन इतके, सोऱ्याची चकती अमुक. तर चकली आपल्याच सोऱ्यातून उतरेल आणि चव मात्र मावशीची लागेल. फोनमधली चिप हेच करते. जुन्या हिशेबाप्रमाणे टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि त्याचे ६४,००० अंक पाठवायचे. एवढे ओझे नको म्हणून चिप बोलणाऱ्याच्या घशाचा आणि तोंडाचा त्या क्षणीचा आकार हिशेबाने ताडते आणि तेवढेच वर्णन धाडते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेल्या एका पद्धतीत ते ओझे आठव्या हिश्शावर आले. हे वर्णनही अखंड जात नाही. साधारणपणे सेकंदाची ५० पाकिटे होतात, आणि ती जशी जागा मिळेल तशी निघतात. एखादे उशिरा पोचले तर चिप त्याच्यासाठी थांबत नाही. मागच्या पाकिटावरून अंदाज बांधून ती जागा भरून काढते. म्हणजे धाकट्याचा म्हणून जो आवाज आईच्या कानी पडतो, त्यासाठी बल्लारपुरात एक नवा घसा तयार होत असतो, आणि मधली काही अक्षरे तर त्या घशाच्या पदरची असतात!

मला हे ऐकून थोडे कसेसेच झाले. आईला मात्र काही वाटले नाही. पत्रातले अक्षर तरी कुठे माणसाचा हात असतो, असे ती म्हणाली.

घशाचा आकार पाठवण्याची ही युक्ती पहिल्यांदा सर्वतोमुखी झाली ती मुलांच्या खेळण्यातून, हे कळल्यावर माझ्यातला मास्तर सुखावला. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९७८ साली 'स्पीक अँड स्पेल' नावाचे एक लाल खेळणे काढले. ते शब्द बोलून दाखवी आणि मुलाला त्याचे स्पेलिंग विचारी. त्यात टेप नव्हती, तबकडी नव्हती. एक चिप घशाचे सोंग घेऊन बोलत होती. चुकले तर न रागावता पुन्हा विचारी. या एका बाबतीत ते आम्हा बहुतेक मास्तरांहून बरे!

ही कंपनी म्हणजे चिपचे माहेरच. तिथे १९५८ च्या उन्हाळ्यात जॅक किल्बी नावाचा नवा इंजिनियर लागला होता. जुलैत कारखान्यातले बहुतेक सगळे सुटीवर गेले; हा नवा, याची रजा साठलेली नाही, म्हणून हा एकटाच प्रयोगशाळेत उरला. सगळे भाग निरनिराळे करून जोडण्यापेक्षा एकाच तुकड्यात का करू नयेत, हा विचार त्याला त्या रिकाम्या खोलीत सुचला. १२ सप्टेंबरला त्याने ते करून दाखवले. २००० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तरुणपणी एम्‌आयटी या बड्या विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत हा गृहस्थ नापास झाला होता. मी हे वर्गात सांगतो. मुलांना विज्ञानाच्या बाकी भागापेक्षा एवढेच चांगले लक्षात राहते.

१९८५ साली याच कंपनीने बंगळुरूला आपली शाखा काढली, आणि १९९८ साली तिथल्या आपल्या मंडळींनी आवाजासारख्या लाटांचे गणित झपाट्याने करणारी एक चिप संपूर्ण स्वतः आखली. तिचे नाव ठेवले 'अंकुर'. इंटरनेटवरच्या फोनचे वारे तेव्हा जोरात वाहू लागले होते. इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने १९९५ साली संगणकावरून संगणकाशी बोलण्याची सोय विकायला काढली होती. पण संगणक उघडून, तोंडापुढे माइक धरून कोणाची आई बोलणार? साध्या फोनलाच ते जमायला हवे होते, आणि त्यासाठी ते गणित संगणकातून काढून चिपमध्ये घालणे भाग होते. टेक्सासवाल्यांकडे चिप होती, पण तिला बोलायला शिकवणारी आज्ञावली दुसऱ्याकडे होती. १९९९ साली त्यांनी टेलॉजी नावाची ती आज्ञावली लिहिणारी कंपनीच विकत घेतली. सिस्को कंपनीच्या ज्या यंत्रांतून कचेऱ्यांचे फोन इंटरनेटवर चढले, त्यांत टेक्सासच्या चिपा बसल्या. या धंद्यात अशा सोयरिकींवाचून चालत नाही, असे माझी विद्यार्थिनी म्हणाली. चिप एकाची, आज्ञावली दुसऱ्याची, डबा तिसऱ्याचा, तार चौथ्याची. आता तर ते सगळे संसार मोबाईलच्या एकाच चिपमध्ये एकत्र नांदतात. लग्नघरी सोयरे पुष्कळ असले म्हणजे एखादा पाहुणा न जेवता राहून जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. हुंकाराचे तसे झाले.

ते कसे, हे ऐकण्यासारखे आहे. धाकटा खोलीवर येतो, गॅसवर भात ठेवतो, फोन ओट्यावर टेकवतो आणि स्पीकर लावतो. आईचा आवाज खोलीभर होतो. तोच आवाज त्याच्या फोनच्या कानात परत शिरतो. तो तसाच इकडे आला तर आईला आपलेच बोलणे क्षणभराने ऐकू येईल, विहिरीत बोलल्यासारखे. म्हणून आलेल्या आवाजातून गेलेल्या आवाजाची छाया वजा करायची, हे एक मोठे अवघड गणित आहे. ते सोडवणाऱ्यांत भारतातून अमेरिकेत गेलेले मन मोहन सोंधी हे संशोधक होते. बेल प्रयोगशाळेत त्यांनी १९६७ साली ते लिहून प्रसिद्ध केले. खोलीपरत्वे, भिंतीपरत्वे छाया बदलते, आणि गणितही चालता चालता आपले आपण बदलते. तरी थोडी छाया उरतेच. मग चिप धसमुसळा उपाय करते: पलीकडचे माणूस बोलत आहे तोवर इकडचा बारीकसारीक आवाज दाबूनच टाकते. मोठ्याने ओरडलात तर जाईल. हळू काही म्हणालात तर ते छायेत जमा.

आता हुंकाराचे कर्म पाहा! तो दुसरा बोलत असतानाच द्यायचा असतो, आणि हळूच द्यायचा असतो.

आम्ही कादंबरीकारही या चिपेहून फार निराळे नाही. दोन माणसांचा संवाद लिहिताना ऐकणाऱ्याचे "हं", "बरं", "मग" आम्ही गाळतो. पाने वाढतात आणि प्रकाशक कुरकुरतो. पण कादंबरीतले पात्र त्यामुळे रुसून बसत नाही.

एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली, ती माझ्या मनातून अजून जात नाही. बोलण्यात निम्म्याहून जास्त वेळ एकेक माणूस गप्पच असते. ती शांतता पाठवण्यात ओझे वाया का घालवा? म्हणून चिप ती पाठवीत नाही. परंतु पलीकडे अगदी निःशब्द झाले तर ऐकणाऱ्याला वाटते फोन मेला, आणि तो "हॅलो, हॅलो" करू लागतो. यासाठी ऐकणाऱ्याकडची चिप आपल्या पदरची मंद सूं सूं करीत राहते. बोलणाऱ्याच्या खोलीत कसला गुणगुणाट आहे याची एखादी चिठ्ठी अधूनमधून येते, त्या बेताने ही तो आवाज बनवते. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ 'दिलाशाची खरखर' असा होतो. शांतताही घरी बनवून मिळते, हे मला ठाऊक नव्हते!

जंगलातल्या लोकांना मात्र एवढाही दिलासा परवडत नाही. भामरागडकडे शिक्षक असलेला माझा एक स्नेही आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की तिकडचा रस्ता बंद होतो, आणि मनोऱ्याची वीज गेली की फोनही बंद. चालू असतो तेव्हा पाकिटे इतकी गळतात की त्याचे बोलणे डब्यात खडे वाजवल्यासारखे येते. त्याने आपल्या म्हाताऱ्या वडिलांशी बोलायची रीतच बदलली आहे. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे, त्यांनी "समजलं" म्हणायचे, मग दुसरे. तारेच्या मजकुरासारखे बोलून बोलून आता घरी आला तरी तो तसाच बोलतो, असे त्याची बायको म्हणते.

धाकट्याला मी त्याच रात्री फोन करून हे सारे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. (खरेच बोलला नाही, की चिपने दाबले, हे आता कसे सांगावे?) मग म्हणाला, "दादा, मी हं हं म्हणत होतो. डोळ्याचं सांगत होती तेव्हा 'कोणत्या डॉक्टरकडे?' असंही मधे विचारलं होतं मी." आईला हे मी जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकून घेतले. "त्या मशीनला कोणी सांगा म्हणा," ती म्हणाली, "हुंकार म्हणजे बोलणंच असते." पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. इतक्या वर्षांचा दोष एका नखाएवढ्या वस्तूवर टाकायला तिचे मन तयार नव्हते.

पोरीने उपाय साधाच सांगितला होता: फोन कानाला लावा, नाहीतर कानात घालायच्या वायरी घ्या. धाकट्याने वायरी घेतल्या. पहिल्या दिवशी तो मुद्दाम "हं" मोठ्याने म्हणू लागला, तेव्हा आई म्हणाली, "हजेरी देऊन राह्यला का रे?" हुंकार इकडे पोचायला किंचित उशीर होतो, आणि तो एका वाक्याचा दुसऱ्या वाक्यावर पडतो, हेही तिला खटकले. राजा मेला म्हणावे आणि त्याच्या पुढच्या वाक्याला "अरेरे" यावे, तशातला प्रकार. तरी चार दिवसांनी तिने आपोआपच वाक्यानंतर थोडी जागा सोडायला सुरुवात केली. मोतीबिंदूची हकीकत तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितली. डॉक्टर कोणता, टाके घालतात की नाही, हिरवा कपडा कसा बांधला, सगळे. पाऊण तास लागला. धाकट्याने या वर्षी दिवाळीचे तिकीट काढले आहे. नागपूरपर्यंत विमान आणि पुढे रेल्वे.

मागच्या महिन्यात एकदा तो रात्रपाळी करून आलेला होता. आई शेजारच्या लग्नातल्या मानापमानाची कथा सांगत होती. मी बाजूला मुलांच्या वह्या तपाशीत होतो. हुंकार आखूड होत गेले आणि मग थांबले. आईही थांबली. फोन मात्र कानालाच होता. थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "झोपला. हे जे सूं सूं येऊन राह्यलं, तो त्याच्या खोलीतला पंखा आहे का?"

पंखा तिकडे फिरत असेलच. पण तो आवाज इथे, तिच्या तळहातात तयार होत होता. मी वहीतून मान वर न काढता "हं" म्हटले. ती आणखी थोडा वेळ ऐकत बसली. मग बंद करायला फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "हळूच कर."